अठ्ठावीस पौंडांचा कारभार

महिन्याची पंचवीस तारीख उलटली की बहुतेक घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "एवढे पैसे गेले तरी कुठे?" पगार नेहमीइतकाच झालेला असतो. वाणसामान नेहमीचेच, मुलांची फी ठरलेली, घराचा हप्ता ठरलेला. तरीही हिशेब लागत नाही. पूर्वी निदान वाण्याची वही तरी असे. आता मोबाईलवर बोट टेकवले की पैसे जातात. त्यांची नोंद मोबाईलमध्ये राहते खरी, पण ती उघडून वाचतो कोण? रविवारी चर्चमध्ये दानाची थैली समोर आली की खिशात जे हाताला लागेल ते तिच्यात पडते. देवाचे पैसे वेगळे आणि संसाराचे वेगळे, अशी सोयीस्कर वाटणी मनाशी झालेली असते. पहिल्याचा हिशेब देवाने ठेवायचा आणि दुसऱ्याचा कुणीच नाही!

ख्रिस्ती शिकवणुकीला ही वाटणी मान्य नाही. मराठी बायबलमध्ये त्यासाठी एक अगदी घरगुती शब्द आहे, कारभारी. धन्याची मालमत्ता सांभाळणारा आणि तिचा हिशेब देणारा माणूस. येशूने सांगितलेल्या कितीतरी दृष्टांतांत असा कारभारी किंवा चाकर येतो आणि धनी त्याच्याकडे जाब मागतो. दहावा हिस्सा देवाला दिला की उरलेल्या नव्वद टक्क्यांचे आपण मोकळे मालक, असे या दृष्टांतांत कुठेच नाही. शंभरचे शंभर धन्याचेच. म्हणजे दूध, विजेचे बिल, मुलीचा नवा फ्रॉक हे सारे त्याच्याच पैशातून होते आणि त्याबद्दलही विचारणा व्हायची आहे.

हे ऐकायला जितके सोपे, तितके वागायला अवघड. जे थोडे लोक असे वागले, त्यांत मेथडिस्ट पंथाचे संस्थापक, इंग्लंडचे जॉन वेस्ली यांचा हिशेब आजही वाचण्यासारखा आहे. कारण पैशाचा हा धडा त्यांना प्रथम मिळाला तो कर्जबाजारी घरात.

वेस्लींचे वडील सॅम्युएल हे लिंकनशायरमधील एपवर्थ या गावचे धर्मगुरू. विद्वान, कवी, स्वभावाने तापट. उत्पन्न तसे अगदीच वाईट नव्हते, परंतु व्यवहाराच्या नावाने आनंदच होता. घरात मुले फार. एकूण एकोणीस झाली, त्यांतली दहाच जगली. कर्ज काढून संसार थाटलेला, ते फेडण्यासाठी पुन्हा दुसरे कर्ज. १७०५ साली निवडणुकीच्या राजकारणात गावातले वजनदार लोक दुखावले गेले आणि त्यांच्यापैकी एका सावकाराने तीस पौंडांहूनही कमी रकमेसाठी सॅम्युएलना थेट लिंकनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात टाकले. जॉन तेव्हा दोन वर्षांचा होता. मागे घरातल्या गायींना रात्री कुणीतरी भोसकले, म्हणजे मुलांचे दूधही गेले. आई सुझानाजवळ पाठवायला पैसे नव्हते. तिने आपल्या बोटांतल्या अंगठ्या काढून तुरुंगात नवऱ्याकडे धाडल्या. त्याने त्या परत पाठवल्या, एवढे मात्र त्याच्या नावावर जमा धरले पाहिजे.

यॉर्कच्या आर्चबिशपांनी या बाईंना विचारले, की घरात कधी भाकरीवाचून राहायची वेळ आली आहे का? त्यावर सुझानाबाईंनी दिलेले उत्तर कर्जात संसार ओढणारी कोणतीही गृहिणी ओळखेल. भाकरी अशी कधी कमी पडली नाही, पण खाण्याआधी ती मिळवण्याची आणि खाल्ल्यानंतर तिचे पैसे चुकते करण्याची इतकी काळजी लागते, की तोंडातला घास गोड लागत नाही, अशा अर्थाचे ते उत्तर होते.

तीस वर्षांनी, १७३५ साली, सॅम्युएल वारले तेव्हाही कर्ज होतेच. दफनाच्याच दिवशी जमीनमालकिणीने पंधरा पौंडांच्या येण्यापोटी विधवेची सगळी जनावरे जप्त केली. त्यांची किंमत चाळीस पौंडांच्या वर होती. धर्मगुरूच्या घरची ही कथा. या घरात श्रद्धेची कमतरता मुळीच नव्हती. रोजची प्रार्थना, शास्त्रवाचन, मुलांची शिस्त यांत सुझानाबाईंचा हात धरणारे कोणी नव्हते. कमतरता होती ती वहीची!

ऑक्सफर्डमध्ये शिकून पुढे तिथेच लिंकन कॉलेजचा फेलो झालेला त्यांचा मुलगा मात्र तरुण वयातच जमाखर्च लिहू लागला. तरीही एक धक्का बसायचा होताच. थंडीचे दिवस होते. वेस्ली व त्यांचे मित्र गरीब मुलांसाठी शाळा चालवीत, तिथली एक मुलगी त्यांच्या खोलीवर आली. गारठ्याने काकडत होती. अंगावर पातळ झगा. पांघरायला दुसरे काही नाही का, असे विचारले, तर आहे ते एवढेच, असे ती म्हणाली. वेस्लींनी खिशात हात घातला आणि त्यांच्या लक्षात आले, की द्यायला जवळजवळ काहीच उरलेले नाही. पैसे गेले कुठे? समोरच्या भिंतीवर! नुकतीच त्यांनी खोलीसाठी चित्रे घेतली होती. त्या क्षणी त्यांच्या मनात आले, की धनी आपल्याला शाबासकी देईल का? या पोरीला थंडीपासून वाचवणाऱ्या पैशांनी आपण भिंती सजवल्या. म्हातारपणी एका प्रवचनात त्यांनी ही गोष्ट स्वतःच सांगितली आहे.

चित्रे घेण्यात तसे पाप काय होते? काहीच नाही. किंमतही फार नसावी. पण वेस्लींचा प्रश्न निराळाच होता. खर्च करताना ती मुलगी डोळ्यांसमोर नव्हती, आणि ती आली तेव्हा पैसे नव्हते. खर्च आधी व विचार मागाहून, हीच तर एपवर्थच्या घराची रीत होती.

१७८७ साली छापलेल्या एका प्रवचनात ते ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाचा जमाखर्च देतात. तो तरुण म्हणजे ते स्वतःच, असे मानले जाते. पहिल्या वर्षी उत्पन्न तीस पौंड. अठ्ठावीस पौंडांत राहिला, दोन दिले. दुसऱ्या वर्षी साठ पौंड मिळाले. राहिला अठ्ठावीसमध्येच, बत्तीस दिले. तिसऱ्या वर्षी नव्वद, दिले बासष्ट. चौथ्या वर्षी एकशे वीस, दिले ब्याण्णव.

यातला अठ्ठावीसचा आकडा नीट पाहण्यासारखा आहे. पगारवाढ झाली की आपल्याकडे प्रथम काय वाढते? घर मोठे होते, हप्ता मोठा होतो, गाडी येते. दान आणि शिल्लक मात्र जुन्या पगाराच्या काळातच राहतात. या तरुणाने नेमके उलट केले. गरज किती हे एकदा ठरवले आणि वाढले ते सगळे देण्याच्या बाजूला टाकले.

यावर घरोघरच्या वाचकांच्या ओठांवर आलेला आक्षेप रास्तच आहे. एकट्या माणसाला हे जमते हो! मुलाच्या कॉलेजची फी अठ्ठावीस पौंडांत बसत नाही, सासूबाईंचे डोळ्यांचे ऑपरेशन थांबत नाही, आणि महागाई तर कुणासाठीच थांबत नाही. वेस्लींना स्वतःचे मूल नव्हते. त्यांनी १७५१ साली एका विधवेशी लग्न केले, पण तो संसार सुखाचा झाला नाही आणि ते बहुतेक काळ घोड्यावरून प्रवचने करीतच फिरत राहिले. तेव्हा त्यांचा आकडा जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही.

परंतु त्यांनाही हे कळत होते. लूकच्या सोळाव्या अध्यायातील कारभाऱ्याच्या दृष्टांतावर त्यांचे पैशाच्या वापराविषयीचे एक प्रवचन आहे. १७६० साली ते छापले गेले. त्यात त्यांनी लावलेला क्रम असा, की आधी स्वतःच्या अन्नवस्त्राची व आरोग्याची सोय, मग बायको, मुले, नोकरचाकर आणि घरात जे जे अवलंबून असतील त्यांची. त्यानंतर उरले तर श्रद्धेच्या बंधुभगिनींचे, आणि त्याहून उरले तर कोणाही गरजूचे भले. यात एक फार महत्त्वाची गोष्ट ते सांगून जातात. घरच्यांच्या खऱ्या गरजेवर केलेला खर्चही, कारभारी या नात्याने केला असेल, तर तो देवालाच दिल्यासारखा आहे. सासूबाईंचे ऑपरेशन हे दानातून वजा होत नाही. ते दानातच जमा होते. प्रश्न एवढाच, की ही गरज आहे की भिंतीवरचे चित्र?

आणि कर्ज? पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात कुणाचे देणे ठेवू नका असे बजावले आहे. वाण्याचे चार महिन्यांचे बिल थकलेले असताना चर्चच्या नव्या इमारतीसाठी मोठी रक्कम जाहीर करणे, किंवा मुलीच्या लग्नात बँडबाजा, हॉल, पाचशे पाने यांसाठी कर्ज काढून वर देव तारील म्हणणे, याला श्रद्धा म्हणता येत नाही. त्या वाण्यालाही लेकरेबाळे असतात. जे उपदेशक देवाला एक द्या, दहापट मिळेल असे सांगत फिरतात, त्यांच्यामुळे तर गरीब घरांचे फारच नुकसान होते. ती गुंतवणूक झाली, आणि तीही खात्री नसलेली! कारभाऱ्याला धन्याशी सौदा करता येत नाही.

वेस्लींच्या मंडळीत बहुतेक लोक खाणकामगार, विणकर, मोलकरणी असे हातावर पोट असणारे होते. त्यांना काटकसरीचा उपदेश करून भागणार नव्हते, हे त्यांनी ओळखले. १७४२ साली ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहाचे कर्ज फेडायचे होते. फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचवले, की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरीब लोक ती कोठून देणार, अशी शंका निघाली. तेव्हा ते म्हणाले, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. जे देऊ शकतील ते देतील, नसतील त्यांची पेनी मी घालीन. मग इतरांनीही असेच गट घेतले. दर आठवड्याला पेनी गोळा करायला घरोघर जायचे, म्हणजे कोण आजारी आहे, कुणाचे काम सुटले, कुणाचा नवरा पुन्हा प्यायला लागला, हेही कळू लागले. मेथडिस्टांच्या प्रसिद्ध साप्ताहिक गटसभांचा जन्म असा एका कर्जफेडीतून झाला. मराठी वाचकांना इथे अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडाची आठवण व्हावी. त्या पैशापैशातून तळेगावचा काचकारखाना उभा राहिला.

दुसरी गोष्ट कर्ज देण्याची. गरिबाला अडीनडीला सावकार किंवा गहाणवाला हाच आधार असे. वेस्लींनी लंडनमध्ये वर्गणी काढून तीस पौंड सोळा शिलिंग जमवले आणि एक लहानसा कर्जनिधी सुरू केला. नियम साधा होता. एका वेळी वीस शिलिंगच, म्हणजे एक पौंड, आणि ते तीन महिन्यांत आठवड्याच्या हप्त्यांनी परत करायचे. १७४८ सालच्या जानेवारीत त्यांनी रोजनिशीत लिहिले, की दीड वर्षात या रकमेतून २५५ जणांची अडचण भागली. तीस पौंडांत अडीचशे माणसे! हे पैसे दान म्हणून वाटले असते तर तीसच जणांना मिळाले असते.

पुढे या निधीची मर्यादा वाढली. जेम्स लॅकिंग्टन नावाचा एक चांभार लंडनला येऊन जुन्या पुस्तकांचे छोटेसे दुकान थाटून बसला होता. १७७५ साली त्याने या निधीतून पाच पौंड घेतले. पुढे तो लंडनमधला एक बडा पुस्तकविक्रेता झाला. उधारी पूर्ण बंद, रोख पैसे आणि थोडा नफा, ही त्याच्या दुकानाची रीत होती. गंमत म्हणजे श्रीमंत झाल्यावर आत्मचरित्रात त्याने मेथडिस्टांची यथेच्छ टिंगल केली, आणि म्हातारपणी त्याबद्दल पस्तावून पुन्हा पुस्तक लिहिले.

लॅकिंग्टनच्या या प्रवासात वेस्लींची खरी चिंता दिसते. पैशाविषयी त्यांचे तीन नियम होते. होईल तितके मिळवा, होईल तितके वाचवा आणि होईल तितके द्या. मिळवा म्हणताना अटी कडक होत्या. शिसे, सोमल यांच्या कामात जीव घालवून नव्हे, दारू विकून नव्हे, शेजाऱ्याचा धंदा बुडवून नव्हे. लोकांनी पहिले दोन नियम मनापासून पाळले. दारू सुटली, हात कामाला लागले, पैसा साठला. तिसऱ्याच्या वेळी मात्र मुठी आवळल्या गेल्या. वयाच्या ८३व्या वर्षी, १७८६ मध्ये, त्यांनी लिहिले ते याच भीतीने. धर्म माणसाला उद्योगी व काटकसरी करतो, उद्योग व काटकसर त्याला श्रीमंत करतात, आणि श्रीमंती पुन्हा धर्मच खाऊन टाकते, असा तो फेरा होता. यातून सुटण्याचा एकच मार्ग त्यांना दिसत होता, तो म्हणजे तिसरा नियम. काटकसर हा गुण आहे खरा, पण द्यायचे नसेल तर काटकसर आणि कंजूषपणा यांत बाहेरून पाहणाऱ्याला काही फरक दिसत नाही.

मेथडिस्टांचे काम मुंबईत १८७१च्या सुमारास सुरू झाले. त्यांना येथे येऊन मिळालेले जॉर्ज बोवेन हे अमेरिकन मिशनरी १८४८ पासूनच मुंबईत होते. मिशनचा पगार त्यांनी आपणहून सोडला होता, गरीब वस्तीत अगदी थोडक्यात राहत आणि 'बॉम्बे गार्डियन' हे पत्र चालवीत. अशी माणसे विरळाच. पण वेस्लींचे दोन्ही उपाय, आठवड्याची पेनी आणि लहान कर्ज, भारतातल्या निरनिराळ्या पंथांच्या ख्रिस्ती लोकांनी आपापल्या वाटेने शोधून काढले आहेत. रांचीच्या आदिवासी भागात जर्मन जेझुइट फादर हॉफमन यांनी १९०९ साली पतसंस्था काढली. वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली सुरू केलेली पतसंस्था पुढे बसीन कॅथॉलिक बँक झाली. दोन्हीकडे दुखणे एकच, सावकार!

मिझोराममधील रीत तर कुठल्याही स्वयंपाकघरात शोभावी अशी आहे. तिथल्या प्रेस्बिटेरियन घरांत १९१० पासून 'बुहफाई थाम', म्हणजे मूठभर तांदूळ, चालत आलेले आहेत. भात रांधायला तांदूळ घेतले, की घरची बाई त्यातली एक मूठ काढून वेगळ्या भांड्यात टाकते. रोज, प्रत्येक जेवणाला. मंडळीतल्या बायका ते घरोघर फिरून गोळा करतात आणि त्यांच्या विक्रीतून चर्चची कामे चालतात. या मुठींतून आज दर वर्षी कोट्यवधी रुपये उभे राहतात. मूठ शिजवण्याआधी काढतात, जेवणानंतर उरलेल्या भातातून नव्हे. घरातले कुणी उपाशी राहत नाही, आणि देण्याचा प्रश्न महिनाअखेरीपर्यंत ताटकळत नाही.

पगार झाला त्याच संध्याकाळी नवराबायकोने दहा मिनिटे वही घेऊन बसावे, एवढे आपल्याकडेही जमण्यासारखे आहे. आधी देणी, मग मूठ, मग अडीअडचणीची शिल्लक, आणि उरेल त्यात घर. देणी मोठी असतील तेव्हा मूठ लहान असेल, चालेल. पण ती असावी. मुलांनाही शेजारी बसवावे. वडिलांच्या देण्यापायी जनावरे दारातून नेली जाण्याची वेळ एपवर्थच्या घरावर आली होती.

वेस्ली पुढे खूप प्रसिद्ध झाले. त्यांची पुस्तके व पत्रके हजारोंनी खपत, पैसाही चांगला येई. १७७६ साली सरकारी अधिकाऱ्यांना वाटले, की एवढ्या मोठ्या माणसाकडे चांदीची भांडी असणारच, आणि त्यांवरचा कर तो बुडवतो आहे. त्यांनी पत्र लिहून विचारणा केली. वेस्लींनी कळवले, की लंडनला दोन चांदीचे चमचे आहेत व ब्रिस्टलला दोन. भोवताली इतक्यांना भाकरी मिळत नसताना आणखी घेण्याचा विचार नाही.

१७९०च्या जुलैमध्ये त्यांनी जमाखर्चाच्या वहीत शेवटची नोंद केली. अक्षर इतके थरथरते, की वाचायला कष्ट पडतात. आजवर हिशेब चोख ठेवला, आता पुढे जमणार नाही, पण होईल तितके वाचवतो व होईल तितके, म्हणजे जवळ असेल ते सारे, देतो, याचे समाधान आहे, असा तिचा भावार्थ.

पुढच्या वर्षी २ मार्चला ते गेले, वयाच्या ८७व्या वर्षी. मृत्युपत्रात त्यांनी बजावून ठेवले होते, की शवाची गाडी नको, बग्ग्या नकोत, थाटमाट नको. सहा गरीब माणसांनी आपल्याला कबरीपर्यंत न्यावे, आणि त्यांच्यात सहा पौंड वाटावेत. म्हणजे प्रत्येकाला वीस शिलिंग.